डिऑन सँडर्स : खेळाडू म्हणून एक नंबर, पण कॉलेजचा कोच म्हणून?

सह्यकडा

डिऑन सँडर्स जिथे कोच आहे त्या कोलोराडो युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा २०२५ चा सीझन ३-९ वर संपला. बारा मॅच, तीन जिंकल्या, नऊ गेल्या. इथे डेन्व्हरला आमच्या मराठी ग्रुपवर त्याच रात्री सुरू झालं, की डिऑनची पोरं एनएफएलला (प्रो फुटबॉलच्या लीगला) गेली आणि बापाची हवा संपली, नुसता गॉगल आणि सोन्याच्या चेन, कोचिंगमधलं याला काही येत नाही वगैरे. मला राहवलं नाही, आणि ग्रुपवर एवढं लांब कोणी वाचत नाही म्हणून इथे धागा काढतोय. (फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो अमेरिकन, पुढे गोंधळ नको.)

मी १९९१ ला एमएस करायला अटलांटाला आलो. बेसबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात रूममेट ब्रेव्ह्ज या तिथल्या बेसबॉल टीमच्या मॅचला घेऊन गेला, सगळ्यात वरच्या रांगेतली स्वस्तातली तिकिटं, खालचे खेळाडू मुंगीएवढे. एक डावखुरा आला, बॉल मारला आणि पळत सुटला, आणि आमच्या आजूबाजूचे सगळे एकदम उभे राहिले. रूममेट ओरडला, बॉलकडे बघू नकोस, त्याच्याकडे बघ. पहिला बेस झाला, दुसरा झाला, थांबायचं नावच नाही, तिसऱ्यावर अंग टाकून दिलं आणि धुळीतून उठून पँट झटकत उभा राहिला. तो डिऑन सँडर्स. त्या वर्षी ९७ मॅचमध्ये असे १४ ट्रिपल, अख्ख्या नॅशनल लीगमध्ये सगळ्यात जास्त. आणि हा माणूस मुळात फुटबॉलवाला! अटलांटा फाल्कन्स या एनएफएलच्या टीमने १९८९ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंची निवड) पाचव्या नंबरला घेतलेला. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये एकाच आठवड्यात बेसबॉलमध्ये यँकीजकडून होमरन आणि फुटबॉलमध्ये फाल्कन्सकडून टचडाऊन. १९९२ ला दुपारी मायामीत फाल्कन्सची मॅच खेळून विमानाने रात्री पिट्सबर्गला ब्रेव्ह्जच्या डगआऊटमध्ये हजर. वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची फायनल) आणि सुपर बोल (एनएफएलची फायनल) दोन्ही खेळलेला दुसरा कोणी नाही. सुपर बोल तर लागोपाठ दोन वर्षं दोन वेगवेगळ्या टीमकडून जिंकला, आधी फोर्टी नाइनर्स, मग काउबॉइज. २०११ ला हॉल ऑफ फेम.

एवढं सगळं झालेला माणूस, पैसा आहे, टीव्हीवर बोलायचं काम आहे, तो २०२० मध्ये त्रेपन्नाव्या वर्षी मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेटला कोच म्हणून जातो. त्याआधी टेक्ससमध्ये एका शाळेत स्वतःच्या मुलांच्या टीमचं ऑफेन्स (आक्रमणाची बाजू) बघत होता. आणि त्याच वर्षी त्याने टॅलाडेगा कॉलेजमधून आपली अर्धवट राहिलेली डिग्री पूर्ण केली. एनएफएलमध्ये जायच्या नादात राहून गेलेली डिग्री या वयात घेणं, हे मला त्या ट्रिपलइतकंच आवडतं.

जॅक्सनला तीन सीझनमध्ये २७-६. मग डिसेंबर २०२२ ला कोलोराडो, जी टीम त्या वर्षी १-११ होती. माझा मुलगा तेव्हा बोल्डरलाच, म्हणजे त्याच युनिव्हर्सिटीत शिकत होता. २०२३ च्या एप्रिलमधली स्प्रिंग गेम म्हणजे आपल्याच टीमची आपसातली प्रॅक्टिस मॅच, आधी ती बघायला मोजकी माणसं असायची. त्या दिवशी बर्फ पडत होता आणि फोल्सम फील्डवर, म्हणजे कोलोराडोच्या स्टेडियमवर, ४७ हजारांच्या वर लोक. ९८ वर्षांच्या एका आजींनी, ज्या वर्षानुवर्षं या टीमच्या मॅचला येतात, त्यांनी बॉलला पाय लावून सुरुवात करून दिली, डिऑन शेजारी त्यांचा हात धरून उभा. माझ्या हातमोज्यात बर्फ गेलेला, बोटं बधिर झालेली, आणि मुलगा म्हणाला बाबा, गेल्या वर्षी मी इथे आडवा होऊन झोपू शकलो असतो एवढ्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

माझं म्हणणं एवढंच, की ज्याने मेलेल्या मैदानात माणसं परत आणली त्याला कोचिंग येत नाही असं म्हणू नये. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, विरोधात असलं तरी लिहा.

निवांत_सदाशिव

छान लिहिलंय. मला या खेळातलं काही कळत नाही, पण एक बेसिक प्रश्न. कॉलेजच्या कोचला एवढं महत्त्व का? आमच्या कॉलेजात पीटीचे सर होते, ते गॅदरिंगला शिट्टी वाजवायचे आणि इंटर-कॉलेजिएटला पोरांना एसटीने घेऊन जायचे, संपलं. इथे पगार कोटींमध्ये दिसतायत.

सह्यकडा

निवांत, चांगला प्रश्न. इथे मुख्य काम मैदानावर नसतंच, ते असतं मुलं आणण्याचं, त्याला रिक्रूटिंग म्हणतात. अठरा वर्षांचा मुलगा, त्याला वीस कॉलेजं बोलावतायत, तर कोच त्याच्या घरी जातो, आईच्या हातचं जेवतो आणि सांगतो की मी याच्याकडे लक्ष देईन, हा शिकेल, याची डिग्री होईल. आई ज्याच्यावर विश्वास ठेवते तिकडे मुलगा जातो. त्यात २०२१ मध्ये दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे मुलांना एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली (ट्रान्सफर पोर्टल, आपलं नाव टाकायचं की बाकीची कॉलेजं फोन करतात), आणि दुसरं म्हणजे त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे कमवायला परवानगी मिळाली. डिऑन नेमका या दोन्ही गोष्टी बदलत असताना आला, आणि जुन्या कोचेसना हे पचायच्या आत त्याला ते समजलं होतं.

पगाराचं म्हणशील तर जॅक्सनला साधारण तीन लाख डॉलर वर्षाला, कोलोराडोने पाच वर्षांचे २९.५ मिलियन दिले आणि मार्च २०२५ ला नवीन करार झाला तो पाच वर्षांचा ५४ मिलियनचा. पहिल्या वेळी तर त्यांचे ॲथलेटिक डायरेक्टर उघड बोलले होते की आत्ता हातात एवढे पैसे नाहीयेत पण येतील. २०२३ ला घरच्या सगळ्या मॅचेस सोल्ड आऊट झाल्या, बोल्डरच्या इतिहासात पहिल्यांदा.

जास्वंद

सह्यकडा दादा, तुमचा लेख मनापासून आहे म्हणून मीपण मनापासून लिहिते. राग मानू नका.

तुम्ही जॅक्सन एका ओळीत संपवलंत. '२७-६, मग कोलोराडो.' मी त्या तीनही वर्षांत जॅक्सनला होते. नवऱ्याची रेसिडेन्सी तिथल्या मोठ्या हॉस्पिटलला होती, आणि ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत असेल, ते स्टेडियम हॉस्पिटलच्या अगदी लागून आहे. शनिवारी सकाळपासून कोळशाचा धूर, पार्किंगमध्ये मांस भाजायला लागलेले लोक, आणि दुपारी बँड सुरू झाला की आमच्या अपार्टमेंटच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. सॉनिक बूम ऑफ द साउथ म्हणतात त्या बँडला. लोक बँडसाठी येतात आणि मध्ये मॅच बघतात असं तिथे म्हणायची पद्धत आहे. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची, ती ड्रमचा आवाज आला की ताटलीवर चमचा बडवायची.

जॅक्सन स्टेट हे काळ्या लोकांचं कॉलेज आहे, १८७७ पासूनचं. गोऱ्यांच्या युनिव्हर्सिट्यांमध्ये प्रवेशच नव्हता तेव्हा उभी राहिलेली जी शंभरेक कॉलेजं आहेत त्यातलं एक. एनएफएल गाजवलेला वॉल्टर पेटन तिथला. १९७० च्या मे महिन्यात पोलिसांनी तिथे हॉस्टेलवर गोळीबार केला, दोन पोरं मेली, भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा अजून दाखवतात. अशा जागी हा माणूस आला आणि म्हणाला की मला देवाने इथे पाठवलंय, काळ्या कॉलेजांना पुन्हा वर आणायचंय. लोकांनी ते अक्षरशः खरं मानलं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एक नर्सबाई होत्या, साठीच्या, स्वतः जॅक्सन स्टेटच्या, त्यांचा भाऊ आणि मुलगी पण तिथलीच. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ट्रॅव्हिस हंटर, देशातला एक नंबरचा रिक्रूट, त्याने फ्लोरिडा स्टेट सोडून जॅक्सन स्टेट निवडलं. फ्लोरिडा स्टेट म्हणजे डिऑनचं स्वतःचं कॉलेज! असं याआधी कधीच झालेलं नव्हतं. त्या दिवशी त्या बाई ब्रेकरूममध्ये उभ्या राहून रडल्या. मला म्हणाल्या, माझ्या वडिलांच्या वेळी आमच्याकडे येण्यावाचून पोरांना पर्याय नव्हता, हा पोरगा पर्याय असून आला.

आणि २०२२ चा ऑगस्ट. पर्ल नदीला पूर आला आणि शहराचा मुख्य वॉटर प्लांट बंद पडला. दीडेक लाख लोकांना नळाला पाणी नाही, आलं तर तपकिरी. आम्ही बाटल्यांसाठी गाड्यांच्या रांगेत दोन-दोन तास, मुलगी मागच्या सीटवर रडतेय, एसी लावला तर पेट्रोल संपेल म्हणून खिडक्या उघड्या. कॉलेजच्या हॉस्टेलला पण पाणी नव्हतं. डिऑनने तेव्हा पोरांना हॉटेलात हलवलं, व्हिडिओ टाकून जगाला सांगितलं, आणि त्याच वर्षी अर्धवट पडलेली फुटबॉलची इमारत पूर्ण व्हावी म्हणून स्वतःचा अर्धा पगार देतो म्हणाला. त्याआधीच्या वर्षी पायात गुठळ्या होऊन डाव्या पायाची दोन बोटं कापली तर व्हीलचेअरवर बसून मैदानात आला. हे सगळं मी नाकारत नाही. म्हणून तर जास्त लागलं.

३ डिसेंबर २०२२. सदर्न या दुसऱ्या कॉलेजला ४३-२४ हरवून कॉन्फरन्स (कॉलेजांच्या गटाची लीग) जिंकली, पन्नास हजारांवर माणूस, आणि त्याच रात्री लॉकररूममध्ये पोरांना सांगितलं की मी चाललो. कोच एकतर वर जातो नाहीतर त्याला काढतात, तिसरं काही नसतं, अशा अर्थाचं बोलला आणि विमानात बसला. दुसऱ्या दिवशी बोल्डरला स्टेजवर. त्या नर्सबाई सोमवारी कामावर आल्या, जॅक्सन स्टेटचं निळं जॅकेट घालून यायच्या नेहमी, त्या दिवशी नव्हतं घातलं. काही बोलल्या नाहीत. मीपण विचारलं नाही.

रंकाळ्याचा_वारा

जास्वंद ताई, वाचून काटा आला अंगावर.

आमच्या कोल्हापुरात पायानं खेळायचा फुटबॉल, पण हे दुखणं आम्हाला पुरतं कळतंय. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण, प्रत्येक पेठेची आपली तालीम आणि आपली टीम. लहानपणापासून त्या तालमीच्या कट्ट्यावर वाढलेला पोरगा सीझनच्या तोंडाला दुसऱ्या तालमीकडनं खेळायला गेला, तर त्याची आजीसुद्धा चार दिवस त्याच्याशी बोलत नाही ओ. शाहू स्टेडियमला पहिल्यांदा दुसऱ्या रंगाचा शर्ट घालून उतरला की आख्ख्या गॅलरीत एकदम शांतता होती, शिव्यापेक्षा ती शांतता वाईट. माझ्या सख्ख्या मामेभावाचं असं झालंय. त्याला नोकरीचं बघतो म्हणाले होते, घरात बाप आजारी, तो गेला. चूक म्हणणार कसं? पण आमच्या मामांनी त्या वर्षी एकपण मॅच बघितली नाही.

पण एक विचारतो ताई. डिऑन जॅक्सनचा होता का मुळात? बाहेरनं आलेला माणूस ना. बाहेरनं आलेला खेळाडू सीझन संपला की जाणारच हे आम्ही धरूनच चालतो. त्याच्यावर जीव लावायचा, पण त्याला पेठेतला समजायचं नाही.

चिंचेचं_झाड

डॅलसहून लिहितोय. मी त्याच्या अजिबात बाजूने नाही, आणि माझा मुद्दा जॅक्सनचा नाही, कोलोराडोचाच आहे.

सह्यकडा, तुम्ही स्प्रिंग गेमची गर्दी सांगितलीत, पण त्याच्या चार महिने आधीची पहिली टीम मीटिंग सांगितली नाहीत. कॅमेरा लावून, सगळ्या जगाला दाखवत, समोर बसलेल्या पोरांना सांगितलं की माझं सामान मी बरोबर घेऊन येतोय आणि ते लुई व्हिटॉनचं आहे, तुमच्यातल्यांनी पोर्टलमध्ये उड्या टाका. ती पोरं एकोणीस-वीस वर्षांची. १-११ त्यांचीच चूक होती असं धरलं तरी त्यांना तिथे कोणीतरी घरी जाऊन आईच्या हातचं जेवून शब्द देऊन आणलं होतं ना? तुम्हीच लिहिलंय वर. नव्या सीझनला ऐंशीच्या वर नवीन खेळाडू. म्हणजे जुने कुठे गेले याचा हिशेब करा.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं (दुसऱ्या एका कॉलेजात, या कोचशी संबंध नाही) असंच झालं. नवीन कोच आला, दहा मिनिटांत बोलावून सांगितलं तुझ्यासाठी जागा दिसत नाही. मुलाला मेकॅनिकल करायचं होतं, तिसरं वर्ष, क्रेडिट्स दुसरीकडे धरेनात, एक वर्ष गेलं. त्याची आई आमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, खेळ गेला त्याचं काही नाही, वर्ष गेलं त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून मला हे 'रोस्टर फ्लिप' (अख्खी टीम बदलून टाकणं) वगैरे शब्द ऐकवत नाहीत.

आणि टेक्ससच्या लोकांना प्राइम प्रेप आठवते. त्याच्या नावावर २०१२ ला शाळा निघाली, २०१५ ला बंद पडली, मधल्या सत्रात पोरांना दुसऱ्या शाळा शोधाव्या लागल्या. गर्दी जमवणं आणि संस्था चालवणं हे वेगळं.

सह्यकडा

चिंचेचं झाड, त्या मीटिंगचा मला पण त्रास झाला होता, खोटं कशाला बोलू. मी मुलाला तेव्हा म्हटलंसुद्धा की हे बंद दाराआड बोलला असता तर चाललं असतं. पण एक सांगतो, १-११ च्या टीममधली बरीच मुलं कोणताही कोच आला असता तरी बदलली असती, बाकीचे गोड बोलून तेच करतात. याने तोंडावर केलं.

आणि मैदानावरचं बघा. २ सप्टेंबर २०२३, पहिलीच मॅच, टीसीयूच्या (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) घरी फोर्टवर्थला. आदल्या सीझनला नॅशनल फायनल खेळलेली टीम. ४५-४२ जिंकलो. शेडूर, त्याचा मुलगा, आमचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा), ५१० यार्डांचे पास. हंटर, जो जॅक्सनहून त्याच्यामागे आला होता, रिसीव्हर (आक्रमणात पास झेलणारा) म्हणून पण खेळतोय आणि कॉर्नरबॅक (बचावात पास अडवणारा) म्हणून पण, त्या टेक्ससच्या उन्हात शंभराच्या वर प्ले. आजकाल दोन्हीकडे कोणी खेळत नाही, कोणता कोच खेळू देत नाही, दुखापत होईल म्हणून. डिऑनने खेळू दिलं कारण तो स्वतः असाच होता, दुपारी फुटबॉल रात्री बेसबॉलवाला, त्याला कोणी थांबवलं असतं तर काय झालं असतं हे त्याला माहीत होतं. मला वाटतं खेळाडू कोच झाल्याचा खरा फायदा इथे दिसतो. दुसऱ्या कोणी हंटरला एकच बाजू निवडायला लावली असती आणि २०२४ चा हाइसमन (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) पण मग मिळाला नसता.

हो, पडलोपण तसेच. ओरेगॉनने ४२-६ धुतलं. आणि स्टॅनफर्डची मॅच, शुक्रवारची रात्र, मी आणि मुलगा दोघं स्टेडियममध्ये होतो, हाफटाइमला २९-० पुढे. मी त्याला म्हणालो चल गाडी काढू, पार्किंगला गर्दी होईल. तो थांबला म्हणून मी थांबलो. दोन ओव्हरटाइम होऊन ४६-४३ हरलो, मध्यरात्र उलटून गेलेली, हजारो माणसं जिना उतरतायत आणि नुसता बुटांचा आवाज. तो सीझन ४-८. पुढचा ९-४. आणि मग यंदाचा ३-९.

अबोली२२

मी एकच गोष्ट लिहून जाते. जुलै २०२५ ला त्याने पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की ब्लॅडरचा कॅन्सर होता, ब्लॅडर काढून टाकलं आणि आतड्याच्या तुकड्यापासून नवीन करून बसवलं. रात्री डायपर लागतो, हे पण सांगितलं, कॅमेऱ्यासमोर, एवढ्या रुबाबाच्या माणसाने. शेजारी डॉक्टर बसलेल्या. पुरुषांनो तपासून घ्या म्हणाला.

माझ्या वडिलांना लघवीतून रक्त जात होतं ते त्यांनी आठ महिने कोणाला सांगितलं नाही. मला नाही, आईलाही नाही. लाज वाटत होती म्हणून. तो व्हिडिओ मी काकांना पाठवला, त्यांना इंग्रजी फारसं येत नाही तरी पूर्ण बघितला आणि पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी करून आले. ३-९ तर ३-९.

गल्लीबोळ

अबोली, तुझ्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं.

मला या चर्चेत एक नाव घ्यावंसं वाटतं, एडी रॉबिन्सन. लुइझियानात ग्रॅम्बलिंग म्हणून काळ्या लोकांचं छोटं कॉलेज. हा १९४१ ला कोच झाला आणि १९९७ पर्यंत तिथेच. ४०८ विजय. सुरुवातीला मैदानातलं गवत हाच कापायचा, चुन्याच्या रेघा हाच मारायचा, आणि बाहेरगावी मॅच असली की रस्त्यात गोऱ्यांच्या हॉटेलात पोरांना कोणी जेवू घालणार नाही म्हणून सँडविच बनवून बरोबर घ्यायचा. त्याच्या हाताखालची दोनशेच्या वर पोरं प्रो फुटबॉलला गेली. त्यातला डग विल्यम्स, सुपर बोल जिंकलेला पहिला काळा क्वार्टरबॅक, १९८८ ला. आणि रॉबिन्सन निवृत्त झाल्यावर त्या जागी कोण आलं? तोच डग विल्यम्स. सुपर बोलवाला माणूस आपल्या छोट्या कॉलेजात परत आला आणि लागोपाठ तीन वर्षं कॉन्फरन्स जिंकून दिली.

म्हणून 'वर जातो नाहीतर काढतात, तिसरं नसतं' हे मला पटत नाही. तिसरं असतं. पण हेही खरं की १९७० च्या सुमाराला दक्षिणेतल्या मोठ्या युनिव्हर्सिट्यांनी काळ्या पोरांना घ्यायला सुरुवात केल्यावर ग्रॅम्बलिंग, जॅक्सन स्टेट इथला ओघच आटला. पैसे तिकडे, टीव्ही तिकडे. एका माणसाने राहून ते उलटं फिरलं असतं का, की त्याने मोठी जागा घेऊन दाखवलं की काळा कोच, काळ्या कॉलेजातून आलेला, करोडोंच्या खुर्चीवर बसू शकतो, यातलं जास्त मोठं कुठलं यावर मी स्वतःशी बरेचदा भांडलोय. आज मला पहिलं मोठं वाटतं.

निवांत_सदाशिव

मी फक्त प्रश्न विचारून गेलो होतो, आत्ता सगळं वाचून काढलं. रात्रीचे दीड वाजलेत. सकाळी ते टीसीयूचे हायलाइट्स बघणार.

जास्वंद, तुमच्या त्या नर्सबाईंचं पुढे काय झालं? आणि जॅक्सन स्टेटचं?

जास्वंद

निवांत, बरं झालं विचारलंत, मला तेच लिहायचं होतं पण काल मुलीची परीक्षा होती.

रंकाळ्याचा वारा, तुमचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. बाहेरनं आलेल्यावर जीव लावायचा पण पेठेतला समजायचं नाही. आम्ही तसं समजून बसलो होतो हे खरं आहे.

डिऑन गेल्यावर कॉलेजने त्याच्याच स्टाफमधल्या टी. सी. टेलरला कोच केलं. हा टेलर म्हणजे जॅक्सन स्टेटचाच जुना खेळाडू, आधी क्वार्टरबॅक होता मग रिसीव्हर झाला, मिसिसिपीचाच. कॅमेरे गेले. हंटर गेला, शेडूर गेला, बरेच गेले. पहिलं वर्ष ७-४. सगळे म्हणाले संपलं. आम्ही पण २०२३ च्या उन्हाळ्यात तिथून निघालो, आता नाशिकला असतो.

डिऑन जॅक्सनला असताना एकच गोष्ट त्याच्या हाताला लागली नाही, सेलिब्रेशन बोल, म्हणजे काळ्या कॉलेजांच्या दोन कॉन्फरन्सच्या विजेत्यांची अटलांटाला होणारी मॅच. २०२१ ला साउथ कॅरोलायना स्टेटने ३१-१० हरवलं, २०२२ ला नॉर्थ कॅरोलायना सेंट्रलने ओव्हरटाइममध्ये ४१-३४. ती दुसरी तर बोल्डरची नोकरी घेतल्यावर परत येऊन शेवटची म्हणून खेळवली होती त्याने.

२०२४ ला टेलरची टीम तिथे पोचली. समोर तीच साउथ कॅरोलायना स्टेट. १४ डिसेंबर, आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू. घरात सगळे झोपलेले, मी आवाज बंद करून फोनवर बघत होते. २८-७ जिंकले. कॅमेरा बँडवर गेला तेव्हा आवाज सुरू केला, अगदी बारीक, उशीजवळ फोन धरून. आणि त्याच वेळी त्या बाईंचा मेसेज आला, दोन वर्षं नुसते ख्रिसमसचे फॉरवर्ड यायचे, त्यांनी आरशात काढलेला फोटो पाठवला होता. निळं जॅकेट. खाली लिहिलं होतं, आमच्या पोराने जिंकून दिलं.

आणि सकाळी उठले तर बातमी, हंटरला हाइसमन. तोच दिवस. न्यूयॉर्कला तो स्टेजवर आणि डिऑन तिथे समोर बसलेला. मला आनंद झाला, अगदी खरा झाला, पाण्याच्या रांगेतल्या दिवसांत तो पोरगा आमच्याच गावात होता. त्या बाईंना मी तो फोटो पाठवला. त्यांनी पण हार्ट टाकलं त्यावर.

सह्यकडा

जास्वंद, हाइसमनच्या रात्री आमच्याकडे पंधरा-वीस जणं जमले होते, मी पावभाजी केली होती, सगळं आठवतंय. त्याच दुपारी अटलांटाला ही मॅच झाली हे मला आज तुमच्याकडून कळलं. मी स्वतःला तीस वर्षांपासूनचा फॅन म्हणवतो आणि त्या बोलचा स्कोअरसुद्धा कधी शोधला नाही.

वरच्या पोस्टमध्ये जॅक्सन एका ओळीत लिहिलं होतं ते तसंच ठेवतो, नाहीतर तुमचं उत्तर कळणार नाही कोणाला. मुलगा नाताळला घरी येतोय, पूर्ण मॅचचं रेकॉर्डिंग मिळालं तर दोघं मिळून बघू, बँडसकट. लिंक असेल तर टाका.

रंकाळ्याचा_वारा

मलापण टाका ताई.